अकराव्या पावलाला उजवीकडे

दिनांक ६ फेब्रुवारी १९९४, रविवार, सकाळचे साडेदहा. ठिकाण फरीदाबादच्या एका नव्या सेक्टरातला आमचा दोनशे गजांचा प्लॉट, ज्यावर तेव्हा भिंती छतापर्यंत आल्या होत्या. ठरलेली रक्कम आठ हजार चारशे रुपये, जादा कामाची. हजर माणसं चार: माझे बाबा, आर्किटेक्ट खुराना मॅडम, फकीरचंद मिस्त्री आणि मी. मी पंधरा वर्षांची होते आणि विटांच्या ढिगावर बसून शेंगदाणे खात होते. त्या दिवशी जे ठरलं त्याने एका माणसाचं चालणं बंद होणार आहे, हे त्या चौघांपैकी फक्त मला कळायला हवं होतं. बाकीच्यांकडे तो आकडा नव्हताच.

आधी त्या माणसाबद्दल सांगते. माझी सुमनआत्या, बाबांची थोरली बहीण. बाबा तिला ताई म्हणत, आई वन्सं म्हणे. लग्न झालं नव्हतं, साताऱ्याच्या शाळेत शिवण शिकवायची. चाळिशीत काचबिंदू झाला आणि सहा वर्षांत दोन्ही डोळे गेले. मग बाबा तिला दिल्लीला घेऊन आले. आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. क्वार्टर आईच्या नावावर होतं, कारण सरकारी नोकरी तिची. बाबा फरीदाबादच्या एका कारखान्यात इंजिनिअर, रोज बसने जाऊन येऊन करायचे. दोन खोल्या, एक व्हरांडा, अरुंद स्वयंपाकघर, आणि प्रत्येक दाराला तीन बोटं उंच सिमेंटचा उंबरठा. आत्याने ते घर पायांनी पाठ केलं. उंबरठ्याला अंगठा लागला की ती कुठे आहे ते तिला समजे. तिथून पाच पावलं गॅस, सात पावलं मोरी. हात कायम भिंतीवर. तिचा हात फिरून फिरून व्हरांड्याच्या चुन्यावर एक तुकतुकीत पट्टा उमटला होता. काठी तिने कधी घेतली नाही. "घरात काठी? मी काय इथे पाहुणी आहे?"

ती घरात पडून असलेली आंधळी बाई नव्हती, हे नीट लिहायला हवं. आई साडेआठला ऑफिसला निघे. त्यानंतरचं घर आत्याचं. भाजणी ती वासाने भाजायची, धणे तडतडायचे थांबले की गॅस बंद. थालीपीठ थापून त्याला मधे भोक पाडताना तिचं बोट कधी चुकलं नाही. हिवाळ्यात सरोजिनी नगरच्या मंडईतून पाच किलो मटार यायचा आणि ती शेंगा सोलताना दाण्यांच्या आवाजावरून किडका दाणा ओळखते असं सांगायची. मी खरं मानायचे. कुकरच्या शिट्ट्या ती मोजायची, शेजारच्या घरातल्यासुद्धा, आणि वरच्या मजल्यावरच्या बीजींना जिन्यातून ओरडून सांगायची, "बीजी, आपके राजमा की सातवीं हो गयी, बंद करो!" मला आकड्यांचं वेड आहे ते तिच्यामुळे. मी दुधाचा हिशोब ठेवायचे, जिन्याच्या पायऱ्या मोजायचे, म्हणून ती मला मुनीमजी म्हणायची. आई चिडायची, "वन्सं, पोरीला असं काय म्हणता, मुनीम काय?" "अगं, मोठेपणी पैसे मोजेल तेव्हा समजेल तुला."

तेव्हा सगळ्या दिल्लीलाच घराबाहेर पडायची घाई झाली होती. बाबांच्या कारखान्याचा एका जर्मन कंपनीशी करार झाला, पगार वाढला, कर्ज मिळू लागलं. ऑफिसातले लोक द्वारका, गुडगाव, नोएडा अशी नावं घ्यायचे, जिथे तेव्हा मुख्यतः धूळ होती. बाबा दोन महिने जर्मनीला जाऊन आले आणि तिथल्या एका इंजिनिअरच्या घरी जेवले. त्या घरात स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये भिंत नव्हती. बाबांनी ते आम्हांला इतक्या वेळा सांगितलं की मला त्या घरातला दिवासुद्धा डोळ्यांसमोर दिसायचा. "बायको भाजी चिरते आणि पाहुण्यांशी बोलते. कोंडून घातल्यासारखं नाही. सगळं घर एका नजरेत." आईचं मागणं वेगळं होतं. तिला अंगण हवं होतं, वर आभाळ, मधे तुळस, जमिनीवर बसायची सोय. दोघांचं रोज वाजायचं. शेवटी बाबांच्या मित्राने खुराना मॅडमचं नाव सुचवलं. बाई तिशीतल्या, अमेरिकेत शिकून आलेल्या, खादीचा कुर्ता आणि पायांत बूट. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाल्या, "भाईसाहब को ओपन प्लान चाहिए, भाभीजी को आँगन। लड़ाई किस बात की है? दोनों एक ही चीज़ हैं।"

आणि त्यांनी खरंच तसा नकाशा काढला. घराच्या मधोमध अंगणाच्या जागी जमिनीत दीड फूट खोल चौकोनी बैठक, दोन पायऱ्या उतरून जायची. त्यात चारी बाजूंनी गाद्या आणि लोड. वर आभाळाऐवजी काचेचं छप्पर. बैठकीच्या एका बाजूला झोपायच्या खोल्या, समोरच्या बाजूला जेवणाचं टेबल आणि उघडं स्वयंपाकघर, मधे एकही भिंत नाही. सगळीकडे एकाच पातळीचा गुळगुळीत कोटा दगड, कुठेही उंबरठा नाही. "फ़र्श पानी की तरह बहना चाहिए," मॅडम म्हणाल्या. आज मी बांधकामाच्या अंदाजपत्रकांचंच काम करते, शेकडो नकाशे नजरेखालून गेलेत. तो नकाशा चांगला होता, हे मी धंद्यातली बाई म्हणून सांगते. त्यात उजेड होता, वारा होता, आईची तुळस होती आणि बाबांचं जर्मनी होतं.

बाबांनी तो नकाशा रात्रीच्या जेवणानंतर आत्याला वाचून दाखवला. ती ऐकत होती, पानातला भात चिवडत. मग म्हणाली, "बरं. भिंती कुठे आहेत?"

"नाहीत ना ताई. तीच तर गंमत आहे."

"आणि उंबरठे?"

"तेही नाहीत."

"मग मी कशाला धरून चालू रे?"

बाबांनी तोपर्यंत त्याचा विचारच केला नव्हता, पण ते वाईट नव्हते. आई म्हणाली, "मी आहे की वन्सं, हात धरून नेईन." आत्या म्हणाली, "तू साडेआठला जातेस. आणि मला कुणाचा हात धरून मोरीत जायचं नाही. त्यापेक्षा मला साताऱ्याला सोडा." ती हे अगदी शांतपणे बोलली. साताऱ्याला तिचं कुणी उरलेलं नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, "आत्या, मी मोजून देते. आकड्यांवर चालशील."

पुढचा सगळा डिसेंबर आणि जानेवारी आम्ही गच्चीवर घर बांधलं. बाबांच्या नकाशाची झेरॉक्स, एक मोजपट्टी, सुतळीची तीन बंडलं आणि कोपऱ्यांवर ठेवायला विटा. सुतळी ताणून मी भिंती केल्या, बैठकीचा चौकोन केला, ओट्याच्या जागी पाण्याची टाकी धरली. आधी आत्याचे पाय ओले करून तिला व्हरांड्यात चालवलं आणि ठशांमधलं अंतर मोजलं: दर पावलाला दीड फूट. ती इतकं नेमकं चालायची की वीस ठशांत बोटाचाही फरक नव्हता. मग वही केली. खोली ते मोरी, खोली ते तुळस, आणि सगळ्यांत महत्त्वाचा रस्ता, खोली ते ओटा: दारातून डावा हात भिंतीवर ठेवून सरळ. दहाव्या पावलाला भिंत संपते. अकराव्या पावलाला उजवीकडे वळायचं. मग सरळ आठ पावलं, उजव्या अंगाला बैठक, डाव्या अंगाला जेवणाच्या खुर्च्या, ज्या कधी जागेवर नसतात म्हणून त्यांना धरायचं नाही. आठव्याला ओट्याचा दगड हाताला लागतो. बैठक आणि खुर्च्या यांच्यामध्ये सहा फुटांची वाट होती. अकराव्या पावलाला वळलं की माणूस बरोबर त्या वाटेच्या मधून चालतो, दोन्हीकडे तीन-तीन फूट. हे मी शाईने लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

उन्हात आत्या अनवाणी चालायची, पुटपुटत. पायाला सुतळी लागली की थांबायची, "मुनीमजी, दंड किती?" बीजी वड्या वाळत घालता घालता बघत बसायच्या. "नी सुमन, फ़ौज में भर्ती हो रही है?" "हाँ बीजी, जनरल तो बन ही जाऊँगी." "पहले लेफ़्ट-राइट तो सीख ले, तू तो राइट-राइट ही कर रही है." मग दोघी हसायच्या. खालून बाजारातल्या कपडेवाल्यांच्या आरोळ्या यायच्या. महिन्याभरात आत्या त्या सुतळीच्या घरात मी बघते त्याहून जास्त बघत होती. "इथे तुझ्या आईची तुळस. इथे तुझे बाबा पेपर वाचतात. काय रे, पाय आवर." रिकाम्या गच्चीवर ती न जन्मलेल्या घरातल्या माणसांना बोलायची. मला ते तेव्हा गमतीचं वाटायचं. आता कधी कधी वाटतं की आमचं खरं घर तेच होतं आणि फरीदाबादला आम्ही त्याची चुकीची नक्कल बांधली.

कारण सहा फेब्रुवारीला बाबांनी खुराना मॅडमना विचारलं की ते जर्मन साहेब एप्रिलमध्ये जेवायला येणार, त्यांना गाद्यांवर मांडी घालता येणार नाही, गुडघे वळत नाहीत, तर बैठकीत सोफे मावतील का. मॅडमनी नकाशा विटांवर पसरला. गाद्या ठेवून सोफे घालायचे तर बैठक एका बाजूने तीन फूट वाढवावी लागेल. खोल्यांच्या बाजूला खांब होता, म्हणून वाढवायची ती टेबलाच्या बाजूला. "रास्ता थोड़ा छोटा होगा, छह की जगह तीन फ़ुट. चलेगा. आधा हिंदुस्तान, आधा जर्मनी." फकीरचंद मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढून खोदाई, विटा, कोटा यांचा हिशोब भिंतीवर लिहिला. आठ हजार चारशे. बाबा हो म्हणाले. मी शेंगदाण्याचं साल थुंकलं आणि मनात हिशोब केला. कड तीन फूट पुढे आली म्हणजे आत्याची ओळ बरोबर कडेवर. नव्या वाटेच्या मधे चालायचं तर आणखी दीड फूट पुढे जाऊन वळायचं. अकराऐवजी बारा. एक पाऊल. हा हिशोब करायला मला खाली उतरून कुणाला विचारावंही लागलं नाही.

विसरले, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी विसरले नव्हते. त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा घरभर गाजरं शिजल्याचा वास होता. आत्या दारातच म्हणाली, "मुनीमजी, आज सगळं घर एकदाही सुतळी न लागता. बीजी साक्षीला." तिने स्वतः गाजराचा हलवा केला होता, वाटीत चारोळ्या मोजून सात-सात. तिचा चेहरा इतका मोकळा मी आधी पाहिला नव्हता. मी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी बीजींच्या मुलाने गच्चीवरची सुतळी गुंडाळून ठेवली, त्यांना पापड घालायचे होते. मग माझी दहावीची बोर्डाची परीक्षा आली. आणि खरं कारण अजून वेगळं होतं, ते कागदावर यायला मला चाळिशी ओलांडावी लागली. त्या वहीत मी अकरा हा आकडा शाईने लिहिला होता आणि सगळं घर म्हणत होतं की चित्राचा, म्हणजे माझा, आकडा चुकत नाही. मला तो खोडायचा नव्हता.

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही राहायला गेलो. पहिले दोन दिवस सगळीकडे खोकी होती, म्हणून आई आत्याला हात धरून फिरवत होती. आत्याला आवाजांनी घोटाळ्यात टाकलं होतं. जुन्या क्वार्टरमध्ये कुकर स्वयंपाकघरात वाजायचा, रेडिओ खोलीत, नळ मोरीत. इथे काचेच्या छपराखाली सगळे आवाज मधोमध जमायचे आणि चारी बाजूंनी परत यायचे. "चित्रे, शिट्टी कुठून आली?" ती विचारायची, आणि चुकीच्या बाजूला तोंड करून थांबायची.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, खोकी उचलली गेली. खुराना मॅडम उरलेल्या कामांची यादी घेऊन आल्या होत्या, फकीरचंद मिस्त्री काचेतली एक गळती बघायला. आई पोहे करत होती. आत्या तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, चापूनचोपून नेसलेली, वेणी घातलेली. "आज कुणी हात धरायचा नाही," ती म्हणाली. "मीच ओट्यापाशी येऊन पोहे वाढणार. सगळे आहात ना?" बाबांनी कौतुकाने मॅडमना सांगितलं, "देखिए, दीदी ने पूरा घर याद किया है." मॅडमनी हातातली यादी खाली ठेवली. मी टेबलापाशी उभी होते.

ती मोठ्याने मोजत निघाली. डावा हात भिंतीवर, नवा डिस्टेंपर, पट्टा पडायचा होता अजून. सात, आठ, नऊ. दहाला भिंत संपली आणि तिचा हात हवेत आला. मला बारा म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होता. "अकरा," ती म्हणाली आणि उजवीकडे वळली. मी काय विचार केला तेही आठवतं, कारण तो त्यानंतर हजारदा केलाय: कडेला निदान अर्धं पाऊल मावतं, आठच पावलं आहेत, पोचेल, आणि मग दुपारी एकटीला गाठून सांगू. चारचौघांत नको. तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, उजवं पाऊल बरोबर कडेवरून, निम्मा तळवा बाहेर. चार म्हणायच्या आधी ती गेली. दीड फूट फार नसतो. पण ती दगडावर खुब्याच्या बाजूने पडली आणि तिचा हात लोडाऐवजी सोफ्याच्या लाकडी पायावर आपटला. आईच्या हातातला झारा पडला त्याचा आवाज तेवढा छपराखाली फिरत राहिला. सहा फेब्रुवारीला जे चार जण हजर होते ते चारही जण तिथे उभे होते.

हाड चार महिन्यांत जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. आत्या उठली नाही. बाबांनी बैठकीला चारी बाजूंनी पितळी कठडा लावून घेतला, मॅडमच्या नापसंतीला न जुमानता, आणि आत्याला कठड्यावर हात ठेवायला लावला. तिने हात काढून घेतला. "तुमचा काय दोष? चित्राने बरोबर मोजलं होतं. माझंच मोजणं चुकलं. वय झालं, डोकं आता धरत नाही." ती तेव्हा पन्नास वर्षांची होती. मी तिच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होते आणि तिने माझ्या दिशेला तोंड करून हे सांगितलं, मला वाईट वाटू नये म्हणून. मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. जितके दिवस बोलले नाही तितकं ते बोलणं अवघड होत गेलं.

मग ती खोलीतच राहू लागली. मोरीत जायला आईचा हात, आई नसेल तेव्हा माझा. भाजणी दुकानातून येऊ लागली. खुर्चीत बसून ती दिवसभर मोजायची, अगदी हळू आवाजात. एक, दोन, तीन, अकरापर्यंत, आणि थांबायची. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून. तिचं कुठे चुकलं ते ती शोधत होती. त्या घरात भिंती नव्हत्या. जेवताना, अभ्यास करताना, दात घासताना ते ऐकू यायचं. मी कान बंद केले तरी अकरानंतरची शांतता बरोबर कळायची. जर्मन साहेब शेवटी ऑगस्टमध्ये आले, सोफ्यावर बसले, घराचं फार कौतुक केलं, भारत आणि युरोप किती सुंदर एकत्र आलेत असं म्हणाले. मग मान वळवून त्यांनी विचारलं, हा आवाज कसला? बाबा इंग्रजीत म्हणाले, माझी बहीण आहे, जप करते. साहेबांनी आदराने आवाज खाली आणला.

आठ वर्षं. माझं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात, दुपारी, आई मटार सोलत बाहेर उन्हात बसलेली असताना मी आत्याच्या खोलीत गेले आणि सांगितलं. सोफे, तीन फूट, शेंगदाणे, शाईचा आकडा, सगळं. ती ऐकत राहिली. मी रडले, तिने रडू दिलं. मग विचारलं, "मग बरोबर किती?"

"बारा."

"एकच?"

"एकच, आत्या."

तिने खुर्चीच्या हातावर बोटं आपटून पाहिली, जशी पूर्वी डब्यातली भाजणी आपटून बघायची. "म्हणजे माझं चुकलं नव्हतं."

"नाही."

"आठ वर्षं मी..." ती म्हणाली आणि ते वाक्य तिथेच सोडलं. "उठव मला."

मी उठवलं. तिने डावा हात भिंतीवर ठेवला. एक, दोन, तीन, चार. पाचवं पाऊल उचललंच नाही. आठ वर्षं खुर्चीत बसलेले पाय होते. मी तिला धरून तिथेच स्टुलावर बसवलं. ती धापा टाकत होती. "चार झाली. इथून पुढची तू चाल. डोळे मीट. मोठ्याने मोज, मला ऐकू येऊ दे." मी डोळे मिटले. पाच, सहा. डिस्टेंपर हाताला गार लागत होता. दहाला भिंत संपली आणि पुढे काहीच नव्हतं, तेव्हा मला प्रथम समजलं की ती त्या सकाळी कशावर विसंबून त्या हवेत शिरली होती. अकरा, बारा, उजवीकडे. आठव्या पावलाला ओट्याचा दगड लागला.

"पोचलीस?" तिने मागून विचारलं.

"पोचले."

"गॅसवर काही आहे का बघ. करपल्याचा वास येतोय."

माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्यानंतर मी माहेरी गेले की दर वेळी ती मला तो रस्ता चालायला लावायची, डोळे मिटून, मोठ्याने. तिचं मोजणं मात्र थांबलं होतं. तीन वर्षांनी ती गेली, झोपेत. आणि तेराव्यानंतरच्या सकाळी चहा गाळताना मला तिच्या खोलीतून स्पष्ट ऐकू आलं: नऊ, दहा, अकरा. मी गाळणं हातात धरून उभी राहिले. बारा काही आलं नाही. आईलाही ऐकू आलं असावं, कारण तिने वर बघितलं आणि रेडिओ लावला.

मी आता द्वारकेला फ्लॅटमध्ये राहते. घेतल्यावर पहिलं काम म्हणून मी प्रत्येक दाराला तीन बोटं उंच ग्रॅनाइटची पट्टी बसवून घेतली. माझी मुलगी दर दोन दिवसांनी अडखळते. "मम्मा यार, घरात हे स्पीड ब्रेकर कशाला?" तिला मी उंबरठा हा शब्द शिकवला, तिला तो फार लांब वाटतो.

आत्या गेल्यावर दोन महिन्यांनी मी बाबांना म्हटलं, बैठक बुजवू या. बाबा म्हणाले, "आता कशाला? आता कोण पडणार आहे?" मी म्हटलं, "कुणी नाही. तरी बुजवू या." ते कठडा धरून म्हणाले, "तिला अकरा कुणी सांगितलं होतं, ते मला माहीत होतं. बाराचं तू डोळे मिटून मोजायला लागलीस तेव्हा कळलं. तू सांगितलं असतंस तर मी सोफे घेतले नसते." आई आत निघून गेली. फकीरचंद मिस्त्री आला, आता पांढऱ्या मिशांचा. पायऱ्यांवर मलबा टाकताना तो म्हणाला, "बहनजी, उस दिन मैं ऊपर शीशा देख रहा था. नीचे देखता तो पकड़ लेता." तोही अकरा वर्षं ते बाळगून होता. दीड फूट भराव, खडी, वर कोटा, कठडा काढणं, चार दिवसांची मजुरी: सहा हजार दोनशे रुपये. शिवाय बाराव्या पावलाच्या जागी मी एक खरखरीत, न घासलेली फरशी बसवायला सांगितली, पायाला कळेल अशी. "ये किसके लिए?" त्याने विचारलं. मी चपला काढून जागा पायाने दाखवली. तिचे त्याने नव्वद रुपये वेगळे लावले. एकूण सहा हजार दोनशे नव्वद, माझ्या पगारातून, रोख, फकीरचंद मिस्त्रीच्या हातात दिले.